लाईट गेली की आधी पाणी जातं, अंधार नंतरचा

प्रश्न वाचला. तुमच्या सोसायटीत एक अख्खा दिवस लाईट नव्हती, घरात सगळ्यांची त्रेधातिरपीट उडाली, आणि आता तुम्ही विचारताय की हेच चार-आठ दिवस चाललं तर माणसं राहतात कशी आणि तयारी कशाची ठेवायची. मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका वाडीतला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं, त्या दिवशी गेलेली लाईट आमच्याकडे आषाढी एकादशी होऊन गेल्यावर आली, म्हणजे महिनाच धरा. आतल्या काही वाड्यांना त्याहून जास्त लागला. तेव्हा जे पाहिलं त्यावरून सांगतो, पुस्तकी काही नाही.

अंधाराची काळजी पहिली सोडा. सगळे मेणबत्त्या, टॉर्च, इमर्जन्सी लॅम्प यांच्यामागे धावतात, आमच्या बाजारातही दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या संपल्याच होत्या. पण अंधाराला माणूस दोन रात्रीत सरावतो. साडेसातला जेवायचं, नऊला आडवं व्हायचं, पहाटे उठायचं. कंदील बऱ्याच घरांत माळ्यावर होते, पण रॉकेल कुठे होतं, गॅस आल्यापासून रेशनचं रॉकेल बंद. मग काचेच्या ग्लासात अर्ध पाणी, वर बोटभर गोडंतेल आणि त्यात तरंगती वात, यावर रात्री निघाल्या. डोळ्यांना त्रास होतो, वाचता येत नाही, पण कोणी अडत नाही.

अडतं ते पाण्यावाचून, आणि ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक नारळ-सुपारीच्या बागेत विहीर आहे. म्हणजे पाणी डोळ्यांसमोर आहे, हात घालायचा अवकाश, पण ते वर काढायची सोय सगळी मोटरवर. पूर्वी रहाट होते, मोटर आली तसे ते मोडून जळणाला गेले. विहिरीवर कप्पी सुद्धा बहुतेकांनी ठेवली नव्हती, ठेवली असेल तर गंजलेली. नळपाणी योजनेचंही तेच, ते पाणीसुद्धा पंपानेच टाकीत चढतं. त्यामुळे टाकीत असेल तेवढं वापरलं की संपलं.

आम्ही मग शेजारच्या काकांकडची जुनी कप्पी आणली, तिला तेल घातलं, आणि हाताला आला तो नायलॉनचा दोर लावला. हे मुद्दाम सांगतो कारण कोणी सांगत नाही, नायलॉनचा दोर ओला झाला की हातातून सटकतो आणि सटकताना तळवा सोलून नेतो. दुसऱ्या दिवशी काथ्याचा दोर मिळाला तेव्हा बरं वाटलं. शिवाय दोर ओढताना पाय कुठे रोवायचा, पोहरा पाण्याला टेकल्यावर कसा झटका द्यायचा की तो पालथा होऊन भरतो, हे घरात फक्त आईला येत होतं. आम्ही तिघं धडधाकट पुरुष, आमचा पोहरा नुसता पाण्यावर तरंगायचा. आईचं वय सत्तरीच्या पुढे, ती हसायची आणि म्हणायची, "अरे मनगट फिरव, भांडत काय बसलास त्याच्याशी!"

आणि पाणी ओढायला लागलं की मग कळतं ते जातं कुठे. पिण्या-स्वयंपाकाला घरात फार लागतच नाही हो. एका फ्लशला जवळजवळ बादलीभर जातं, आणि घरात लॉकडाऊनमुळे मुंबईहून आलेले चाकरमानी धरून डझनभर माणसं. नशिबाने जून होता, पाऊस होता, पागोळीखाली पिंपं लावली आणि ते पाणी संडासाला, धुण्याला घेतलं. तेच मे महिन्यात झालं असतं तर काय झालं असतं मला सांगता येत नाही.

खाण्याचं फारसं अडलं नाही, आणि त्याचं कारण आगोट. पावसाळा लागायच्या आधी घराघरात जी बेगमी करतात ती आम्ही आगोट म्हणतो, तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, सुके बोंबील, आमसुलं, खारातले गरे, पापड, जळणाची लाकडं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती भरलेली असतेच. यातल्या एकाही वस्तूला फ्रीज लागत नाही. ज्यांची कौलं-पत्रे उडाले त्यांची आगोटही भिजली ती गोष्ट वेगळी, आणि तसे बरेच होते. बाकी गॅस चालू होता, मिक्सर नाही म्हणून वाटणाला पाटा-वरवंटा काढला. पण पाट्याला कित्येक वर्षांत छिन्नीने टाकी लावलेली नव्हती, गुळगुळीत झालेला, त्याच्यावर खोबरं नुसतं घसरतं, वाटलं जात नाही. मोठी अडचण झाली ती पिठाची. गिरणी बंद म्हणजे भाकरी बंद. पलीकडच्या गावात एकाने जुनं डिझेल इंजिन चालू केलं तेव्हा तिथे डबे घेऊन ही रांग.

फ्रीजचं म्हणाल तर दार न उघडता तो साधारण चार तास थंडावा धरतो, डीप फ्रीज गच्च भरलेला असेल तर दोन दिवसांपर्यंत आणि अर्धा रिकामा असेल तर दिवसभर. म्हणजे सारखं उघडून 'गार आहे का' बघणाऱ्याला आधी आवरा. आमच्याकडे मासे होते ते पहिल्या दिवशीच काढून तळले, शेजारी वाटले. औषधांचं मात्र आधीच विचारून ठेवा. आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, डॉक्टरांनी सांगितलं की वापरात काढलेली बाटली पंचवीस-तीस अंशांपर्यंत बाहेर साधारण चार आठवडे चालते, न फोडलेल्या मात्र गारच हव्यात. कोणीतरी सुचवलं की ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ते छान चालतं, पण कोकणातल्या जूनच्या दमट हवेत मडक्यावरचं पाणी उडतच नाही तर ते गार काय होणार. शेवटी जास्तीच्या बाटल्या तालुक्याला जनरेटरवर फ्रीज चालू असलेल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे ठेवल्या. तुमच्या घरी असं काही औषध असेल तर तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

मोबाईलचं अनेकांना वाटतं की चार्जिंगचा प्रश्न. चार्जिंग होतं हो, गाडीत होतं, ट्रॅक्टरवर जनरेटर घेऊन फिरणारे पैसे घेऊन करून द्यायचे. पण टॉवरलाच लाईट नसेल तर भरलेल्या मोबाईलचं काय लोणचं घालायचं? टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपलं की रेंज गेली. मुंबईतल्या लोकांना आपली माणसं जिवंत आहेत का हे दोन-तीन दिवस कळलं नव्हतं. माणगावच्या बाजूला कोणी निघालं की वाडीतली माणसं त्याच्याकडे चिठ्ठ्या द्यायची, वर नंबर आणि खाली एकच ओळ, आम्ही सुखरूप, छप्पर गेलं, काळजी करू नये. रेंज सापडेल तिथे गाडी थांबवून तो एकेक फोन लावायचा. एटीएम बंद, बँकेत सर्व्हर बंद, गुगल पे वगैरे विसराच. ज्यांच्या घरात रोख पैसे नव्हते ते उधारीवर जगले, दुकानदार ओळखीचे म्हणून निभलं. तेव्हापासून आमच्या घरी डाळीच्या डब्यामागे सुट्ट्या नोटा असतात, दहा-वीस-पन्नासच्या, कारण पाचशेला सुट्टे देणारा त्या काळात कोणी भेटत नाही.

एवढा वेळ का लागला यावर खूप शिव्या दिल्या गेल्या, मीही दिल्या. पण काम जवळून बघितलं तेव्हा समजलं. आधी मोठ्या लाईनवरून सबस्टेशनपर्यंत वीज यायला हवी, मग तिथून ११ केव्हीची लाईन, मग तुमच्या वाडीची डीपी (म्हणजे ट्रान्सफॉर्मर), मग एलटीच्या, म्हणजे कमी दाबाच्या तारा, आणि शेवटी पोलवरून तुमच्या घरात येणारी सर्व्हिस वायर. यात मधला एक टप्पा राहिला की पुढचे सगळे अंधारात. आमच्याकडे पोल मोजून पडले नव्हते, ओळीच्या ओळी झोपल्या होत्या आणि वर माड-पोफळी आडव्या. नवा सिमेंटचा पोल रस्त्यावरून वाडीत न्यायला गाडी जात नाही, चिखलातून तो दोरांनी, माणसांनी खांद्यावर न्यायचा, खड्डा खणला की तासाभरात पावसाने भरलेला. दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन शाळेत झोपायचे, वाडीतून कोणाच्या तरी घरचा डबा जायचा. शेजारची आजी रोज विचारायची, "काय रे बाळा, आज येईल का लाईट?" आणि तो बिचारा रोज, "आजी, पोल उभा राहिलाय, तार यायचीय." त्यावर ती म्हणायची, "मग तार येईपर्यंत जेवून तरी जा." वटपौर्णिमा वादळानंतर दोनच दिवसांनी होती, आमचा वड मुळासकट पडलेला. बायकांनी पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं, काय करणार.

आता दोन गोष्टी जिवावरच्या, या नीट वाचा. पडलेल्या तारेला मेलेली समजू नका, चार दिवस लाईट नसली तरी नाही. आणि त्याचं कारण बऱ्याचदा आपल्यातलाच कोणीतरी असतो. घरचा छोटा जनरेटर लोक सरळ प्लगमध्ये उलटी वायर घालून घराच्या बोर्डाला जोडतात. मेन स्विच बंद नसेल तर तो करंट घरातून बाहेर लाईनवर जातो, डीपीतून उलटा चढला की २३० चे हजारो व्होल्ट होतात, आणि लाईन बंद आहे असं समजून पोलवर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. जनरेटर लावायचाच तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या, तो महाग नसतो, आणि जनरेटर घराबाहेर ठेवा, धूर बंद खोलीत साचला तर झोपेतच माणूस जातो.

दुसरी, लाईट येते त्या क्षणाची. आमच्याकडे ज्या संध्याकाळी आली तेव्हा अख्ख्या वाडीत आरोळी उठली आणि पाठोपाठ दोन घरांत टीव्ही उडाले. घाईत जोडलेल्या लाईनवर न्यूट्रलची, म्हणजे परतीची तार सैल राहिली तर घरात २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून लाईट गेल्या गेल्या फ्रीज, टीव्ही, मोटर यांचे प्लग काढूनच ठेवा, आल्यावर आधी एक साधा बल्ब लावून दहा मिनिटं बघा, फार प्रखर किंवा मिणमिणता दिसला तर काहीही जोडू नका.

इन्व्हर्टरबद्दल तुम्ही विचारलंय. घरातली नेहमीची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाताशी त्यातले बारा-चौदाशे येतात. दोन साधे पंखे आणि चार एलईडी दिवे लावले तर सात-आठ तास, नवीन, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे असतील तर दुप्पट जवळपास. म्हणजे एका रात्रीची सोय. दुसऱ्या दिवशी त्याला चार्ज करायला लाईटच लागते, मग तो नुसता जड डबा. भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर घरोघरी आले कारण तेव्हा वेळापत्रक असायचं, लाईट सहाला जाणार आणि नऊला येणार हे पेपरात छापून यायचं, त्याला तो बरोबर पुरायचा. मोठ्या खंडासाठी थोडं सोलर जोडलेलं असेल तर उपयोग, पण ढगाळ पावसात त्याच्याकडून मोबाईल आणि दोन दिव्यांपलीकडे मागू नका.

खरं सांगायचं तर तुमची फ्लॅटची अवस्था माझ्यापेक्षा अवघड आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळी दहाच्या सुमाराला गेली, लोकल जागेवर थांबल्या, बऱ्याच भागात काही तासांत आली तरी माझा चुलतभाऊ बाराव्या मजल्यावर आईवडिलांना घेऊन अडकल्यासारखा बसला होता. माझ्याकडे निदान विहीर तरी आहे, आगोट आहे, पागोळी आहे. तुमच्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीत आणि ती टाकी पंपावर. तेव्हा खर्चाआधी एक करा, सोसायटीत जनरेटर आहे असं तुम्ही लिहिलंय, तर तो पाण्याच्या पंपालाही जोडलाय की फक्त लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांना, आणि डिझेलच्या भरलेल्या टाकीवर किती तास चालतो, हे सेक्रेटरीला विचारा. बऱ्याच ठिकाणी पंपाला जोडलेलाच नसतो. तसं असेल तर इन्व्हर्टरच्या पैशात आधी मोरीत दोनशे लिटरचं एक पिंप ठेवा.