हचिन्सनच्या जोडीला कोण?

प्रश्न : मी अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉइट लायन्स या संघाचे सामने नियमित पाहतो. एडन हचिन्सनसारखा खेळाडू संघात असूनही ‘दुसरा पास रशर हवा’ ही चर्चा दरवर्षी का होते, आणि तो सापडत का नाही?
– एक वाचक, नोव्हाय (मिशिगन)

उत्तर : क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूने) चेंडू फेकण्याआधी त्याच्यावर चाल करून जाणारा, म्हणजेच पास रशर, एकच धोकादायक असेल, तर प्रतिस्पर्ध्याचे काम सोपे होते. तो संपूर्ण ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीचा) कल त्या रशरच्या बाजूला देतो, फळीच्या टोकाला असलेल्या टॅकलच्या मदतीला टाइट एंड किंवा रनिंग बॅक हा आणखी एक खेळाडू ठेवतो आणि क्वार्टरबॅकला दुसऱ्या बाजूने निसटण्याची वाट मोकळी राहते. दुसऱ्या कडेलाही तितकाच भरवशाचा माणूस असला, म्हणजे ही जादा मदत कोणाला द्यायची हा पेच समोरच्या प्रशिक्षकापुढे उभा राहतो. दुसऱ्या रशरचे खरे मोल त्याच्या स्वतःच्या सॅकइतकेच (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी पाडण्याइतकेच) या पेचात आहे.

लायन्सने शोध घेतला नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र तो प्रामुख्याने स्वस्त बाजारात घेतला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नवोदित खेळाडूंच्या फेरीनिहाय वार्षिक निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर हचिन्सन आला आणि त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत जॉश पास्कल आला, पण पास्कलकडून सॅकची अपेक्षा पुरी झाली नाही. २०२४ मध्ये मार्कस डॅव्हनपोर्टला एका वर्षाच्या करारावर घेतले. त्याच्या दुखापतींचा पूर्वेतिहास सर्वांना ठाऊक होता आणि तो हंगामाच्या आरंभीच जायबंदी झाला. त्यानंतर १३ ऑक्टोबरला डॅलसमध्ये, संघाने ४७–९ असा जिंकलेल्या सामन्यात, हचिन्सनचा पाय मोडला. तोवर पाच सामन्यांत त्याचे ७.५ सॅक झाले होते. दुसऱ्याचा शोध चालू असताना पहिलाच गेला! नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडकडून झडेरियस स्मिथला आणले. त्याने बरी साथ दिली, तरी दबाव आणण्यासाठी संघाला अधिकाधिक ब्लिट्झवर (जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर धाडण्यावर) विसंबावे लागले, आणि ब्लिट्झ केला की मागे पासचा बचाव करणारे कमी उरतात. १५ विजय आणि २ पराभव अशी कामगिरी करणारा हा संघ प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनकडून ४५–३१ असा हरला. त्या पराभवात लायन्सने पाच वेळा गमावलेल्या चेंडूचा वाटा मोठा होता, हे खरे. पण ४५ गुणांचा हिशेब तेवढ्याने पुरा होत नाही.

पुढच्या वर्षी स्मिथला सोडून डॅव्हनपोर्टलाच पुन्हा करारबद्ध केले आणि तो पुन्हा लवकरच जखमी झाला. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. भरवसा म्हणजे आधी मैदानावर हजर असणे. कौशल्याचा विचार त्यानंतर येतो. २०२५ मध्ये तिशीतल्या अल-क्वादिन मुहम्मदने ११ सॅक करून सर्वांना चकित केले, परंतु आदल्या वर्षी सराव पथकातून (मुख्य संघाबाहेरच्या राखीव खेळाडूंतून) वर आलेल्या खेळाडूकडून असे फळ मिळणे हे नशीब आहे, नियोजन नव्हे.

माझ्या मते मूळ कारण ड्राफ्टमध्ये आहे. २०२३ ते २०२५ या तीन ड्राफ्टमध्ये पहिल्या पाच फेऱ्यांत लायन्सने कडेचा एकही रशर निवडला नाही. अहमद हसानेन हा रशर आला तो सहाव्या फेरीत. त्या निवडींतून इतर जागी उत्तम खेळाडू मिळाले, हे मान्यच आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये हचिन्सनला चार वर्षांसाठी १८ कोटी डॉलरचा करार दिल्यानंतर दुसऱ्या कडेसाठी तशीच रक्कम मोजणे अवघड आहे. तेव्हा तुलनेने कमी पगाराचा तरुण रशर वरच्या फेरीतच शोधावा लागेल.

प्रश्न : नवा रशर भरवशाचा आहे, हे सॅकच्या आकड्यावरून ओळखावे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ त्यावरून नव्हे. सहाव्या फेरीतून आलेल्या जेम्स ह्यूस्टनने २०२२ मध्ये लायन्ससाठी सात सामन्यांत आठ सॅक केले आणि शोध संपला, असे अनेकांनी धरले. पुढल्या हंगामात दुसऱ्याच आठवड्यात त्याचा घोटा दुखावला आणि २०२४ मध्ये संघाने त्याला सोडले. प्रतिस्पर्धी चेंडू न फेकता घेऊन धावतो तेव्हा रशर आपली कड राखू शकत नसेल, तर प्रशिक्षक त्याला केवळ पासच्या डावांपुरतेच उतरवतात. म्हणून एखादा खेळाडू किती डाव मैदानावर असतो आणि त्यांपैकी किती डावांत क्वार्टरबॅकवर दबाव आणतो, हे आकडे आधी पाहावेत.