ठेच आधी, कळ मागून

प्रश्न : रात्री अंधारात पलंगाच्या पायावर करंगळी आपटली. ‘लागलं’ हे लगेच कळलं, पण डोळ्यांत पाणी आणणारी कळ अंमळ थांबून आली. मज्जातंतूंतून वीज धावते म्हणतात. मग एकाच बोटातला निरोप दोनदा कसा पोचतो?

उत्तर : पलंगाचा पाय आणि करंगळी यांचं वैर जुनंच! मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो तेव्हा मज्जासंस्थेचा पहिला तास ठेचेपासूनच सुरू करायचो. आता कळ येणार हे माहीत असतं आणि ती अजून आलेली नसते, तो मधला क्षण वर्गातल्या प्रत्येकाने भोगलेला असायचा.

निरोप एक नसतो, अनेक असतात, आणि त्यांच्या वाटा वेगळ्या. स्पर्श-दाबाची खबर नेणारे तंतू जाड असतात, त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध आवरणाचे वेढे असतात. तिथे वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर. ठणका आणि आग नेणारे तंतू अगदी बारीक आणि उघडे. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा. करंगळीपासून मज्जारज्जूपर्यंत मोठ्या माणसात साधारण मीटरभर अंतर. पहिला निरोप ०.०२ सेकंदात दारात हजर, दुसऱ्याला लागतो अख्खा सेकंद. (टोचल्यासारखी पहिली बारीक कळ नेणारे तंतू या दोघांच्या मधल्या वेगाचे.) आणि हे मीटरभर अंतर एकाच पेशीचा एकच धागा कापतो, मधे कुठेही जोड नाही. मला याचं अजून नवल वाटतं.

आता तुमच्या विजेबद्दल. तारेतल्यासारखी ती इथे वाहत नाही. शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. निरोप आला की पेशीच्या पटलातली, म्हणजे पातळ आवरणातली, सोडियमची दारं उघडतात, धनभारित सोडियम आत घुसतो आणि तेवढ्या जागी ऋणाचं धन होतं. मग पोटॅशियम बाहेर पडतो, जागा पूर्ववत होते. तोवर शेजारची दारं उघडलेली असतात. ओळीने उभे केलेले पत्ते पडत जावेत तसं, फक्त इथले पत्ते पडले की आपले आपण उठून उभे राहतात. उघड्या तंतूत हे तसूतसूने करावं लागतं. मायलिनच्या तंतूत मात्र वेढ्यांमधल्या फटींतच दारं असतात, म्हणून निरोप उड्या मारत जातो.

हा वेग कधी मोजता येईल, असं जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहान्नेस म्युलर यांना वाटत नव्हतं. त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० मध्ये बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेऊन तो मोजून दाखवला.

आपटल्याबरोबर तुम्ही करंगळी चोळली असेलच. ते वेडेपण नव्हे. चोळण्याची खबर जलद तंतूंनी मज्जारज्जूत पोचते आणि तिथल्या पेशी मागून येणाऱ्या ठणक्याची वाट थोडी अडवतात. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेली ही कल्पना पुढे तपशिलात बरीच बदलली, पण चोळल्यावर बरं वाटतं ते याच कारणाने.