जुन्या जॅझ बासचं आतलं वायरिंग सगळं बदलून टाकू का?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की, काकांनी मस्कतहून आणलेला १९७० च्या दशकातला फेंडर कंपनीचा जॅझ बास, म्हणजे बास गिटार, बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. आता नॉब फिरवला की खरखरतो, वाजता वाजता मध्येच आवाज जातो, शिवाय घूं करून हम येतो. मेकॅनिक म्हणतोय, आतलं सगळं काढून नवीन वायरिंग टाकू. टाकू द्यावं का?

आत्ता तरी नको. मी बेळगावात शहापूरला अँप्लिफायर आणि ऑर्केस्ट्राचं सामान दुरुस्त करतो. माळ्यावरनं खाली आलेले असले बास आमच्याकडं येतात, आणि दुखणं बहुतेक वेळा जॅक (केबल खुपसायची जागा), घाण धरलेले पॉट (नॉबखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग) नाहीतर सुटलेली अर्थ वायर यांतलंच निघतं. त्यासाठी पोट फाडायची गरज नसते. शिवाय कारखान्यातलं सोल्डर एकदा उपसलं की जुन्या फेंडरची किंमत उतरते, ती परत चढत नाही.

आधी एकही स्क्रू न काढता हे बघा. बासला केबल लावा, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर धरा: एक प्रोब पिनच्या टोकाला, दुसरा पिनच्या दांड्याला, रेंज २० किलोओम. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना साडेतीन ते चार किलोओमच्या आसपास यायला पाहिजे, कारण दोन पिकअप (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबक-गुंडाळ्या) समांतर जोडलेले असतात. एक व्हॉल्यूम पूर्ण बंद केला की आकडा सात-आठवर जातो, म्हणजे उरलेला पिकअप एकटा दिसतो. दोन्ही बाजूंनी असं आलं तर पिकअप जिवंत आहेत. नुसता डावीकडं १ दिसत राहिला तर केबल, जॅक किंवा एखादा सुटलेला सांधा. केबल हलवल्यावर आकडा नाचला तर जॅक नाहीतर केबलच. आपल्याकडं, त्यातून खानापूरच्या बाजूला, पावसाळ्याची ओल इतकी असते की जॅकच्या पट्टीवर हिरवट थर चढतो. पिकगार्डशेजारचा कंट्रोलचा पत्रा, म्हणजे नॉब आणि जॅक बसवलेला, उघडून बारीक पॉलिश पेपरनं ती घासा, पट्टी किंचित आत वाकवा. मध्येच आवाज जाण्याचं कारण बऱ्याचदा तिथंच मिटतं.

पॉटची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. पायांच्या बाजूला फट असते, तिथून नळीनं थोडा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा. शिलाई मशीनचं तेल, रॉकेल, खोबरेल यांतलं काहीही नको; महिनाभर बरं वाटतं आणि मग धूळ धरून चिखल होतो.

आता पत्रा उघडलाच आहे तर एक गोष्ट नीट बघा, कारण रेडिओवर हात बसलेले मेकॅनिक इथंच फसतात. आपली सवय अशी की सिग्नल पॉटच्या कडेच्या पायावर द्यायचा आणि मधल्या पायावरून घ्यायचा. जॅझ बासमध्ये उलटं असतं. पिकअपची वायर मधल्या पायावर येते आणि आउटपुट कडेच्या पायावरून जातं. हे मुद्दाम केलेलं आहे. एक व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी दुसरा पिकअप वाजत राहावा म्हणून. कुणी 'चूक सुधारून' नेहमीसारखं जोडलं की कुठलाही एक व्हॉल्यूम बंद केल्यावर सगळा बास मुका होतो. तुमचा तसा होत असेल तर आत आधीच कुणाचातरी हात फिरलाय, हे नक्की.

हमचंही तसंच. या बासचे दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात आणि चुंबकही उलटे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असले की हम एकमेकांना खातो, एक जरा कमी केला की डोकं वर काढतो. हा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा हम ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी सुराला, म्हणजे ४९ हर्ट्झला, जवळजवळ चिकटूनच असतो, त्यामुळं ट्यून करताना तो जास्तच कानात बसतो. मात्र दोन्ही पूर्ण उघडून आवाज पातळ, पोकळ येत असेल तर एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. आणि तारांना हात लावल्यावर हम कमी होतो की नाही ते बघा. होत नसेल तर ब्रिजखाली (तारा मागं जिथं अडकवतात त्या पट्टीखाली) जाणारी अर्थ वायर सुटली असणार. ब्रिज आणि जॅकचा दांडा यांत मल्टीमीटरची बीप वाजायला हवी.

एवढं करूनही एखादा पॉट मेलेलाच निघाला तर तेवढाच बदला. २५० किलोओमचा, ऑडिओ टेपर म्हणजे बहुतेक पॉटवर 'ए' छापलेला घ्या. दुकानात सहज मिळतो तो 'बी', लिनिअर. त्यानं आवाज नीट उतरत नाही. जुन्या नॉबला पाव इंची गुळगुळीत दांडा लागतो, इथल्या पॉटचा दांडा सहा मिलिमीटरचा, नॉब डुगडुगतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा ऑनलाइन मागवा. टोनच्या कपॅसिटरमागं मात्र धावू नका. मूळचा ०.०५ मायक्रोफॅरडचा साधा सिरॅमिक चकतीचा असतो. तो गेलाच असेल तर ४७३, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, छापलेला काही रुपयांचा चालतो. 'विंटेज कपॅसिटर'च्या नावानं हजार रुपये मागणाऱ्याला लांबनंच नमस्कार.

सोल्डर मारताना पॉटच्या पाठीवर २५ वॅटचं आयर्न घासत बसू नका. ती पाठ उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डर धरेपर्यंत आतली कार्बनची पट्टी भाजते. ६० वॅट, चपटं टोक, दोन-तीन सेकंद, काम संपलं. सोल्डर रोझिनवालं, पत्र्याच्या कामाचं ॲसिड अजिबात नको. पिकअपची वायर तोडून आखूड करू नका, आणि गुंडाळीला बोट लावू नका. ती तार केसापेक्षा बारीक असते. काढलेला पॉट फेकायचा नाही. त्यावरचा नंबर वाचा: १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा, ३०४ ने तर स्टॅकपोल कंपनीचा, पुढचे दोन अंक साल, शेवटचे दोन आठवडा. १३७७६३३ म्हणजे १९७६ चा ३३ वा आठवडा. बास त्याच्या आधीचा नाही, एवढं त्यावरून कळतं. गिऱ्हाईक हेच विचारतं.

एक राहिलंच. गाताना माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते बासचं वायरिंग नव्हे. अँपचा अर्थ पिन तोडलेला असतो, किंवा मंडपातल्या बोर्डाला अर्थिंगच नसतं. तसं होत असेल तर बास उघडू नका, वाजवूही नका. आधी वायरमनला बोलवा.