बांगडी निघाली म्हणजे बाईच का?

प्रश्न : मी कळंब तालुक्यातला शेतकरी. मुलगी बारावी सायन्सला आहे. तेरचं म्युझियम पाहून आल्यापासून पुरातत्त्वच शिकायचं म्हणते. सांगाड्याजवळ बांगडी निघाली की बाई आणि भाला निघाला की बाप्या, हे कशावरून ठरवतात, असं तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही. यात पोट भरतं का? आणि मुलीच्या जातीला उन्हातान्हातलं खोदकाम झेपेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. नोकरीचं बोलूच, पण आधी लेकीचा प्रश्न. तो या विषयातल्या जाणत्यांनाही अजून सुटलेला नाही.

स्वीडनमध्ये बिर्का इथं 1878 साली हजारेक वर्षं जुनी एक कबर उघडली. आत तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण आणि दोन घोडे. एवढी हत्यारं म्हणजे योद्धा, आणि योद्धा म्हणजे पुरुष, हे शंभरावर वर्षं सगळ्यांनी धरून चाललं. 2017 मध्ये डीएनए तपासणीत तो सांगाडा बाईचा निघाला. लगेच काही अभ्यासक म्हणाले, हत्यारं जवळ ठेवली म्हणून ती लढलीच असेल कशावरून? शंका रास्त आहे, कबरीतल्या वस्तू मेलेलं माणूस ठेवत नाही, मागे राहिलेले ठेवतात. पण सांगाडा पुरुषाचा समजत होते तोवर ही शंका फारशी कुणाला सुचली नव्हती.

मोठ्या माणसाचं कटीचं हाड आणि कवटी पाहून बाई की पुरुष हे बऱ्यापैकी कळतं. लहान लेकराचं नाही कळत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरली जात त्या काळातली, लेकरं घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली सापडली; त्यांत मुलगा कोण, मुलगी कोण, हे नुसत्या हाडांवरून सांगता येत नाही. आता दाताच्या एनॅमलमधल्या, म्हणजे वरच्या कठीण थरातल्या, प्रथिनावरून ते ओळखता येतं. आपल्याकडच्या उष्णतेत डीएनए टिकणं अवघड, त्यामुळे या पद्धतीचं आपल्याला मोल जास्त. म्हणून तिला बायॉलॉजी सोडू देऊ नका, एवढं माझं ऐका.

तरी हाड फक्त शरीर सांगतं. त्या माणसाला कोणतं काम करू दिलं, कोणता मान दिला, ते इतर पुराव्यांवरून जुळवावं लागतं. तेरच्या हस्तिदंती मूर्तीत बाई दिसते, पण ती घडवली कुणी, वापरली कुणी? मूर्ती बाईची म्हणून वस्तू बाईचीच, असं होत नाही. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात मात्र राजवैद्य मगिलाच्या दत्ता नावाच्या मुलीचं दान कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखात एका बाईचं दान तिच्या नावानं नोंदवलं गेलं, हा भक्कम पुरावा. असे लेख वाचायला ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा यावी लागते.

आता पोटाचं. पदवी बी.एस्सी. असो की इतिहासात बी.ए., पुढे पुरातत्त्वात एम.ए. करता येतं. पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यासाठी नावाजलेलं आहे. संभाजीनगरच्या विद्यापीठातही प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेत दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. जागा कमी निघतात. केंद्राचं आणि राज्याचं खातं, संग्रहालयं, नाहीतर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी. करून प्राध्यापकी. कायम नोकरीला वेळ लागेल आणि तोवर कंत्राटी कामं करावी लागतील. ही तयारी घरात नसेल तर सोबत बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेची वाट उघडी ठेवा.

राहिलं ऊन. तुमच्या शिवारात सोयाबीन काढायला बायाच असतात ना? उत्खननावरही टोपल्या उचलायला गावातल्या बायाच लागतात. त्यांच्या उन्हाची काळजी करणारं पत्र मला अजून आलेलं नाही. तुमची मुलगी तिथं वही-टेप घेऊन उभी राहील, एवढाच फरक.

अर्ज भरण्याआधी तिला एखाद्या चालू उत्खननावर आठवडाभर राहू द्या. विद्यापीठाच्या विभागात विचारलं तर कुठं काम चालू आहे ते कळेल. सोबत तुम्हीही जा.