‘सेटलमेंट आले, मोबाईल आत ठेव’

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज मी दोन वेळा ऐकला. सोलापुरात मामाबरोबर रिक्षाने जाताना तो एकदम म्हणाला, ‘सेटलमेंट आले, मोबाईल आत ठेव’, आणि घरी आल्यावर उन्हाने काळवंडलीस म्हणून आजीने तुझ्या तोंडाला डाळीचे पीठ आणि साय लावली. हे सांगून तू विचारलेस की वंश ही माणसांनीच रचलेली गोष्ट आहे असे तुम्हाला इकडे अमेरिकेत शाळेत शिकवतात, मग आपल्या मराठी माणसांना समोरच्याचा रंग आणि त्याची वस्तीच आधी का दिसते. शिवाय शाळेच्या फॉर्ममध्ये वंशाच्या चौकटीत काय भरायचे, हेही विचारलेस. फोनवर मी अडखळले असते, म्हणून लिहिते आहे.

सोलापुरातल्या त्या वस्तीला ‘सेटलमेंट’ हे इंग्रजी नाव कसे पडले, हे मामाने तुला सांगितले नसेल; बहुधा त्यालाही कुणी सांगितलेले नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने गुन्हा केला आहे की नाही हे न पाहता, तो ज्या जमातीत जन्मला ती जमातच गुन्हेगार ठरवायची, तिच्या माणसांची नोंद ठेवायची आणि त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर पहारा बसवायचा, अशी त्या कायद्याची रीत होती. विणकराचा मुलगा जसा विणकर होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, असे त्याचे समर्थन केले जाई. १९११ च्या कायद्याने ही तरतूद देशभर लागू करता येऊ लागली. आपल्या गावात पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा जमातींच्या लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले, ती ही सेटलमेंट. त्यांच्या हातांना गिरणीत काम होते, पण हजेरी चुकवायची सोय नव्हती आणि परवान्यावाचून गावाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने इंग्रजांची सत्ता काही दिवस झुगारून दिली, हे आम्हाला शाळेत फार अभिमानाने शिकवले. त्याच गावातले हे कुंपण मात्र एकाही धड्यात आले नाही.

मुंबई राज्यात तो कायदा १९४९ साली रद्द झाला आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे तुझ्या आजीच्या लहानपणीच तो गेला, तरीही मामाचा हात आज मोबाईलकडे जातो. याचे एक कारण आपल्या भाषेत आहे. ‘भामटा’ हा शब्द आपण लुच्च्या माणसासाठी सहज वापरतो, आणि तेच एका जमातीचे नाव आहे; त्या घरातल्या मुलाला स्वतःच्या जातीच्या दाखल्यावर शिवीच वाचावी लागते. दुसरे कारण पोलिसांच्या वहीत आहे. कुठे चोरी झाली की आधी ठरावीक वस्तीत जायचे, तिथली माणसे उचलायची, त्यांची नावे वहीत चढवायची, आणि पुढच्या चोरीच्या वेळी तीच वही पुरावा म्हणून उघडायची, हा फेरा कायदा गेल्यावरही थांबला नाही. इकडे अमेरिकेत काळ्या माणसांच्या वाट्याला जे येते ते तू पाहतेसच. त्याची घडण याहून फार निराळी नाही.

मामाला एकट्याला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. सातवीत माझ्या वर्गात सेटलमेंटमधून येणारी एक मुलगी होती. सहलीसाठी जमवलेले पैसे एकदा बाईंच्या टेबलावरून नाहीसे झाले, आणि कुणी एक शब्दही न बोलता सगळ्या वर्गाने तिच्याकडे मान वळवली. मीही वळवली. तिच्याकडे काही सापडले नाही आणि पैसे कुणी घेतले ते शेवटपर्यंत कळले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती शेवटच्या बाकावर एकटी बसू लागली, आणि मी वर्षभर तिच्याशी नीट बोलू शकले नाही. तारेचे कुंपण आम्ही कुणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. तिच्या बाकाभोवती ते कुठे घालायचे हे मात्र आम्हाला बरोबर ठाऊक होते.

आता तुमच्या शाळेत सांगतात त्याकडे येते. पूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व हवे असलेल्या परदेशी माणसाला तो गोरा आहे किंवा आफ्रिकी वंशाचा आहे हे दाखवावे लागे. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपानी माणसाने आपली कातडी गोरी असल्याचे सांगून अर्ज लढवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणाले की गोरा म्हणजे वंशशास्त्राच्या पंडितांनी ठरवलेल्या कॉकेशियन वंशाचा, नुसता रंगाने उजळ नव्हे. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ त्याच न्यायालयापुढे उभे राहिले आणि म्हणाले की तुमच्याच पंडितांच्या मते मी कॉकेशियन आहे. त्यावर न्यायालयाने सांगितले की पंडितांचे राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिले, आणि दोघांमध्ये अंतर होते जेमतेम तीन महिन्यांचे. त्यानंतर १९३० आणि १९४० च्या जनगणनांत भारतातून आलेल्या प्रत्येकाचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला गेला, मग तो शीख असो की मुसलमान. १९७० साली आपल्याला गोऱ्यांत मोजले आणि १९८० पासून एशियन इंडियन म्हणून. इतक्या वर्षांत आपल्या रक्तात काहीही बदल झाला नव्हता.

ही मोजमापे करणाऱ्यांच्या गोटात आपली एक मराठी बाईही जाऊन आली होती, म्हणून थोडे विषयांतर करते. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व मानणारे होते, आणि पुढे नाझींच्या वंशविचाराला त्यांच्यासारख्यांचाच आधार मिळाला. कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल वंशानुसार बदलतो का, हे कवट्या मोजून पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी ते केले आणि असा काही संबंध नाही, असा निष्कर्ष काढला. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण मुलीने हे लिहून देणे मला फार मोठे वाटते. पुढे १९७२ साली रिचर्ड ल्यूऑन्टिन या शास्त्रज्ञाने हिशेब मांडला की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत राहणाऱ्या दोन पद्मशाली विणकरांमधला फरकही जगातल्या कुठल्याही दोन माणसांमधल्या फरकाच्या जवळपास असू शकतो.

आजीच्या डाळीच्या पिठाबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण तो विषय माझ्या अंगाला चिकटलेला आहे. आपल्याकडे स्थळ सांगताना मुलीच्या रंगाच्या पायऱ्या असतात: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, आणि काळी हा शब्द सहसा लिहीत नाहीत, तो मागाहून बोलतात. माझ्या बायोडाटावर ‘निमगोरी’ असे लिहिले होते आणि फोटो स्टुडिओवाल्याने मला त्याला साजेशी करून दिले होते. हे सगळे जिथे चालते त्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, जिथल्या काळ्या विठोबाचे सावळे रूप संतांनी पिढ्यान्‌पिढ्या आळवले. पण त्या सावळ्याच्या देवळातही दलितांना जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. मूर्तीचा रंग आवडणे वेगळे आणि माणसाला आत घेणे वेगळे, एवढे तिथे गेलीस तर लक्षात ठेव.

फॉर्ममध्ये ‘एशियन’वर खूण कर. वंश रचलेला असेल तर चौकट रिकामी सोडावी, असे तुला वाटेल, पण त्या रचनेमुळे कुणाला मागे ठेवले गेले हे मोजायलाही तीच चौकट लागते. सेटलमेंटमधल्या बऱ्याच मुलांना आज विमुक्त जाती म्हणून महाराष्ट्रात जे तीन टक्के आरक्षण आहे, तेही जमातींची नावे एका यादीत लिहिल्यावाचून देता आले नसते.

हे पत्र मामाला वाचून दाखवायचे की नाही ते तू ठरव. आजीला मात्र बायोडाटाचा भाग दाखवू नकोस. स्टुडिओत माझ्याबरोबर तीच आली होती.

तुझी,
आई