ऑफिसात ब्रेस्ट कॅन्सर अवेअरनेससाठी गुलाबी ड्रेस कोड सोडून काय करता येईल?

तुम्हाला एचआरने ऑक्टोबरमध्ये ‘काहीतरी करा’ म्हणून सांगितलंय आणि रिबिनी वाटण्यापलीकडे काय करावं असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, आमच्याकडे साठेक बायका, बहुतेक पॅकिंगला. माझं ऐकाल तर आधी सुट्टीचं बघा, लेक्चर नंतर.

आमच्या पॅकिंगमध्ये एक मराठी बाई होत्या, मी त्यांना मावशीच म्हणते. गणपतीत अंघोळ करताना काखेजवळ त्यांच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून काही नसेल असं वाटलं, मग नवरात्र झालं की दाखवू, दिवाळी झाली की दाखवू, मग लेकीचं लग्न निघालं. होळीच्या आसपास एकदा जेवणाच्या सुट्टीत लेडीज वॉशरूममध्ये त्यांनी माझा हात धरला आणि काखेजवळ नेऊन लावला. सुपारीएवढी टणक गाठ, जागची हलत नव्हती. मी म्हटलं, मावशी, इतके दिवस का नाही दाखवलंत? तर म्हणाल्या, ‘‘अगं, सुपरवायझर कारण विचारतो, त्या माणसाला काय सांगू? आणि न सांगता गेले तर अर्धा दिवस कापतात.’’ तिसरी स्टेज निघाली. अजूनही त्या हाताची आठवण आली की मला झोप लागत नाही.

म्हणून आम्ही मॅनेजमेंटकडे एकच मागणी लावून धरली. वर्षातून एकदा प्रत्येक बाईला तपासणीसाठी अर्धा दिवस पगारी सुट्टी, कारण विचारायचं नाही, चिठ्ठीवर फक्त ‘हेल्थ चेकअप’ आणि सही एचआरमधल्या मॅडमची. मान्य व्हायला चार महिने लागले पण झालं.

मग कार्यक्रम. तो ऑगस्टमध्ये घेतला, कारण ऑक्टोबरात बहुतेक वेळा नवरात्र येतं आणि इथे गरब्याच्या रात्री जागून आलेल्या बायकांना काही ऐकायची ताकद नसते. दार बंद, फक्त बायका, बोलणं गुजराती-हिंदीत, इंग्लिश स्लाइड अजिबात नाही. नर्सताईंनी कणकेच्या गोळ्यात हरभरा लपवून आणला होता, तीन बोटांच्या पेरांनी गोल फिरवत दाबून तो शोधायचा. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या पण पाचव्या मिनिटाला ‘मला दे, मला दे’ चालू झालं.

सुरुवातीलाच सांगा की बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, नाहीतर भीतीनेच कोणी जायचं नाही. मग हे सांगा की न दुखणारी गाठ जास्त दाखवण्यासारखी, आणि कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, निपल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. पुरुषांनाही वेगळं बसवून सांगा, शंभर पेशंटमध्ये एखादा पुरुषही असतो, आणि घरी बायकोला ‘चल, दाखवून येऊ’ म्हणणारे तेच असतात ना.

बजेट नाही म्हणून अडू नका. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची व्हॅन आम्हालाही परवडली नाही, पण नुसत्या हाताने तपासण्याचाही उपयोग होतो. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर २० वर्षं अभ्यास केला, तो २०२१ मध्ये छापून आला. निम्म्या बायकांना ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसतं हाताने तपासलं, त्यांचे कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडले आणि पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हे आकडे आमच्या साहेबांना दाखवले तेव्हा ते गप्प झाले.

आणि ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं सांगायला विसरू नका, प्लीज! पगार २१ हजारांपर्यंत असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो हे काहींना माहीत असतं, पण कॅन्सरसाठी तो अटी पूर्ण असतील तर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतो हे आमच्या एचआरलाही माहीत नव्हतं. मावशींचं घर केमोच्या दिवसांत त्यावरच चाललं. आता त्या परत कामावर आहेत, गाठीच्या बाजूच्या हाताने खोकी उचलायची नाहीत म्हणून लेबल मोजायच्या टेबलावर बसतात.

पहिल्या वर्षी चिठ्ठी घ्यायला कोणी येईना तेव्हा त्याच एकेकीला हाताला धरून मॅडमकडे घेऊन गेल्या. चिठ्ठीचा नमुना गुजरातीत आहे, हवा असेल तर मराठीत करून देते.