वाचकांचे प्रश्न : कॅसेटवरचा मारिओ मंद का वाजायचा?

प्रश्न : लहानपणी घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, कॅसेट घालायचा. आता तोच मारिओ यूट्यूबवर ऐकला की गाणं पळतंय असं वाटतं, आणि आवाजही वेगळाच लागतो. कान बिघडलेत की आठवण? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही ठणठणीत आहेत. तुम्ही ऐकायचात ते खरोखरच मंद होतं.

निन्टेंडोचा मूळ फॅमिकॉम हा गेम संच (1983) जपानमधल्या टीव्हीसाठी बनला. तिथे पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं उमटतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं (1985) कोजी कोंडो यांनी केलेलं संगीत, त्या काळच्या बहुतेक गेमसारखंच, याच चित्रांच्या तालावर चालतं. दर चित्रामागे प्रोग्राम एकदा संगीताकडे वळतो आणि पुढचा स्वर लावायची वेळ झाली का ते बघतो. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रं दाखवणारे. त्यामुळे मूळची एका मिनिटाची चाल आपल्याकडे 72 सेकंद घ्यायची. मारिओ स्वतःही तितकाच संथ पळायचा, म्हणून खेळताना कुणाला काही खटकलं नाही.

गंमत म्हणजे लय उतरली तरी सूर उतरला नाही. युरोपात विकल्या गेलेल्या अस्सल निन्टेंडोत चिपचं घड्याळच हळू होतं : मूळ 1.79 मेगाहर्ट्झ, तिथे 1.66. जो गेम त्यासाठी दुरुस्त केलेला नसे, त्याची पट्टी अर्ध्या स्वराहून जास्त खाली जायची. आपल्या बाजारातले नकली संच बहुतेक तैवानी चिपवर चालायचे. पाल टीव्हीसाठीच्या त्या चिपचं घड्याळ 1.77 ठेवलेलं असे, त्यामुळे पट्टी जवळपास तीच राहायची.

आवाज वेगळा लागतो त्याचं कारण निराळं. चाल वाजवणाऱ्या दोन वाहिन्या चौकोनी लहर काढतात, आणि ती लहर किती वेळ ‘वर’ राहते यावर तिचा पोत ठरतो. 12.5 टक्के असेल तर बारीक, नाकातला आवाज. 25 टक्क्यांना खणखणीत. 50 टक्क्यांना पोकळ आणि गोल. अनेक नकली चिपमध्ये यातल्या 25 आणि 50 यांची अदलाबदल झालेली होती. गेम एक मागायचा, चिप दुसरं वाजवायची.

तो लहानपणचा आवाज परत हवा असेल तर एफसीईयूएक्स हा मोफत एम्युलेटर (संगणकावर जुन्या संचाची नक्कल करणारा प्रोग्राम) पुरेसा आहे. रीजनमध्ये ‘डेंडी’ निवडा (रशियातल्या अशाच नकली संचाचं हे नाव) आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्वॅप ड्यूटी सायकल्स’वर खूण करा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डेंडीऐवजी ‘पाल’ निवडणं. तसं केलंत तर लयीबरोबर पट्टीही उतरेल आणि ‘हेही ते नव्हेच’ असं वाटेल. यूट्यूबचा वेग 0.85 करूनही काम भागत नाही. तिथे सूर कायम ठेवण्यासाठी आवाज ताणला जातो, आणि चिपच्या करकरीत स्वरांच्या कडा त्यात विरघळतात.

प्रश्न : मारिओने उडी मारली की पार्श्वसंगीतातला एक आवाज गायब होतो. रेकॉर्डिंग खराब आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. चिपकडे एकूण पाचच वाहिन्या : दोन चौकोनी लहरीच्या, एक त्रिकोणी, एक खरखरीची आणि एक छोट्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी. उडीचा आवाज एक चौकोनी वाहिनी तेवढ्यापुरती बळकावतो, काम झालं की परत देतो. त्रिकोणी वाहिनीला तर आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही; ती एक तर वाजते किंवा गप्प बसते. म्हणूनच या गेममधला खर्ज इतका ठाम लागतो.

प्रश्न : एका जुन्या गेमचं संगीत एनएसएफ फाइलमध्ये मिळालं. काही केबींची फाइल, पण गाणं संपतच नाही! – एक वाचक, पणजी

उत्तर : संपणार कसं? एनएसएफमध्ये ध्वनिमुद्रण नसतं. गेममधला संगीत वाजवणारा प्रोग्राम आणि स्वरांची यादी तेवढी काढून ठेवलेली असते, आणि तो प्रोग्राम अखंड फिरायलाच लिहिलेला असतो. फूबार2000 या संगणकावर गाणी वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘गेम इमू प्लेयर’ हा जोड टाका आणि त्याच्या सेटिंगमध्ये गाण्याची लांबी व शेवटी आवाज विरण्याचा वेळ ठरवून द्या. दोन फेऱ्या आणि वर 8-10 सेकंद हे प्रमाण चांगलं. सुपर निन्टेंडोच्या एसपीसी फाइल वेगळ्या : त्या ध्वनिचिपच्या 64 केबी मेमरीची जशीच्या तशी प्रत असतात, त्यामुळे गाणं छोटं असो की मोठं, फाइल सगळ्या सारख्याच वजनाच्या.

प्रश्न : मी गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला गेम करतोय. संगीत पुन्हा सुरू होताना बारीक खंड पडतो, कधी ‘टक्’ असा आवाज येतो. शिवाय लढाई सुरू झाल्यावर ढोल वाढवायचा आहे. – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : फाइल एमपी3 असेल तर आधी ती बदल. एमपी3 चे तुकडे ठरावीक, 1152 नमुन्यांचे (नमुना म्हणजे ध्वनीचं एक सूक्ष्म मोजमाप) असतात. गाणं त्यात नेमकं बसत नाही, म्हणून पुढे-मागे शांतता भरली जाते. खंड तिथलाच. ओग व्हॉर्बिस या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिफाइलमध्ये काढ, आणि तेही संगीताच्या मूळ प्रोजेक्टमधून. एमपी3 चं रूपांतर केलंस तर ती शांतता ओगमध्येही जाईल.

‘टक्’ बहुधा घुमाऱ्याचा असतो. शेवटच्या स्वराची रिव्हर्बची शेपटी कापली जाते आणि लहर मध्येच तुटते. उपाय असा : चाल सलग दोनदा वाजवून एकच फाइल काढ. 120 बीपीएम (मिनिटाला 120 मात्रा), चार मात्रांचे 8 बार म्हणजे 16 सेकंद. सेकंदाला 44,100 च्या दराने 7,05,600 नमुने. दोन फेऱ्यांची फाइल बरोबर 32 सेकंदांवर काप. गोडोत फाइल निवडून इम्पोर्टमध्ये लूप चालू कर, लूप ऑफसेट 16 दे आणि रीइम्पोर्ट दाब (हे बटण विसरलं की काहीच बदलत नाही). आता पहिली फेरी स्वच्छ सुरू होईल. दुसऱ्या फेरीच्या तोंडाला पहिलीची शेपटी आधीच मुरलेली असल्याने पुढचा प्रत्येक सांधा बेमालूम जुळेल. आधी 8 सेकंदांची सुरावट असेल तर ऑफसेट 24, फाइल 40 सेकंदांची.

ढोलासाठी वेगळं गाणं लावू नकोस. त्याच लांबीची फक्त ढोलाची फाइल काढ आणि मूळ चालीबरोबर पहिल्यापासून चालू ठेव, फक्त आवाज -60 डेसिबलवर. शत्रू दिसला की अर्ध्या-एक सेकंदात तो शून्यावर आण. ऐनवेळी प्ले केलास तर ताल पकडणं नशिबावर. गोडो 4.3 पासून यासाठी ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइज्ड आहे. दोन वेगळे प्लेयर सांभाळण्यापेक्षा तेच वापर. दोन्ही फाइलना ऑफसेट मात्र एकच हवा, आणि दोन्ही एकत्र वाजताना मास्टर बसचा (सगळे आवाज शेवटी एकत्र येतात त्या वाहिनीचा) मीटर लाल होत नाही ना, ते बघ. होत असेल तर मूळ चालच 3-4 डेसिबलने खाली घे.

आणि तुझ्याच गावच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम (2020) हेडफोन लावून खेळ. संगीत लिनोस त्झेलोस यांचं आहे. लढाई सुरू होताना आणि संपताना ते काय करतं, तिकडे कान ठेव.